सातापैकी दोन

पावसाळ्यातल्या एका बुधवारी आमच्या नाशिकच्या ज्येष्ठ नागरिक संघात मानसशास्त्राची एक विद्यार्थिनी छापील फॉर्म घेऊन आली. आमचं सभागृह म्हणजे पत्र्याची शेड, पंचवीसेक प्लास्टिकच्या खुर्च्या आणि कुणाच्या तरी स्मरणार्थ आलेलं, दहा मिनिटं पुढे पळणारं घड्याळ. मी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे आकड्यांचं काम निघालं की संघात माझंच नाव पुढे होतं. पोरीशेजारी खुर्ची ओढून बसले.

फॉर्मवर एकेक वाक्य आणि त्यापुढे एक ते सात आकडे. वाक्य आपल्याला अजिबात लागू पडत नसेल तर एक, पुरेपूर लागू पडत असेल तर सात. पहिले बसले आमचे अण्णा, प्रेसमधून रिटायर झालेले. वाक्य साधारण असं होतं, की अडचणीतलं माणूस दिसलं की मला मदत करावीशी वाटते. अण्णा जरा वेळ चष्मा पुसत राहिले आणि म्हणाले, "दोन लिही. मी कुणाचं काय करणार बाळा? मीच सुनेच्या हातचं खातो."

हेच अण्णा रोज सकाळी सहाला गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर शेजारच्या गृहस्थांना कोपराला धरून तीन फेऱ्या मारतात. त्या गृहस्थांची नजर काचबिंदूनं गेली आहे. अण्णा चालता चालता त्यांना सगळं सांगत जातात. डावीकडे चिखल आहे, समोरून कोण येतंय, आभाळ भरून आलंय, आज लोक छत्र्या घेऊन आलेत. पाच वर्षं हे चाललंय.

अण्णांनंतर एक काकू बसल्या. त्यांनी वाक्य पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "लिही गं सात. सगळीकडे सातच लिही. आपण कुणाचं वाईट चिंतत नाही." काकूंचं आणि त्यांच्या सख्ख्या जावेचं अकरा वर्षं बोलणं नाही, हे शेडमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. काकू वाईट नाहीत हो. पण सगळीकडे सात?

दोन्ही फॉर्मांची बेरीज मीच केली. कागदावर अण्णा कोरडे ठाक निघाले आणि काकू मायेचा सागर.

त्या दिवसापासून हे लिहायचं मनात आहे. असल्या कागदांना काही अर्थ नाही, म्हातारपणी प्रेम काय मोजायचं, असं संघातले बरेच जण म्हणाले. मला ते पटत नाही. आमची साखर मोजतात, रक्तदाब मोजतात, हाडांचा ठिसूळपणा मोजायची मशीन शिबिरात येते. सुनेनं किती विचारलं आणि मुलानं किती पाठवले, हे तर आम्हीच कट्ट्यावर बसून मोजतो. म्हातारं माणूस दुसऱ्याला काय देतं, हे कुणी विचारत नाही. आणि विचारलंच तर असं चुकीचं उत्तर मिळतं. माझं सांगणं एवढंच आहे की विचारा. पण नीट विचारा, आणि ज्याचं त्यालाच विचारा.

आधी ही मोजपट्टी आली कुठून ते सांगते. सुसान स्प्रेचर आणि बेव्हर्ली फेर या दोन अभ्यासक बाईंनी २००५ साली एकवीस वाक्यांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिचे तीन प्रकार आहेत. एक आपल्या जवळच्या माणसांबद्दल, दुसरा अनोळखी माणसांबद्दल आणि एकूण मानवजातीबद्दल, तिसरा कुणातरी एकाच माणसाबद्दल, म्हणजे नवरा, बायको, जिवलग मैत्रीण. दुसऱ्याच्या दुःखानं आपल्याला किती लागतं, त्याच्या बऱ्यासाठी आपण किती झटतो, आपलं काही सोडायची तयारी आहे का, अशी ती वाक्यं. स्वतःपुरत्या ओढीपेक्षा हे प्रेम वेगळं. त्यात समोरच्याचं भलं व्हावं ही इच्छा असते, मग आपल्या पदरात काही पडो न पडो.

या प्रेमासाठी आपल्याकडे शब्द कोणता? त्या पोरीनं फॉर्मवर ‘करुणामय प्रेम’ छापलं होतं. ते ऐकून एका आजोबांनी विचारलं, कीर्तन आहे का? ‘दया’ म्हणावं तर तिच्यात देणारा वर आणि घेणारा खाली बसतो. ‘कीव’ त्याहून वाईट. ‘माया’ सुरेख शब्द, पण आपल्याकडे माया लावतातही आणि जमवतातही; आणि जमवलेल्या मायेची चौकशी करायला सरकारी खाती आहेत. ‘कळवळा’, ‘कणव’ जवळचे वाटतात. मला विचाराल तर नाशिकच्या कुठल्याही आजीला ‘जीव तुटतो’ एवढं म्हटलं की पुढचं समजावून सांगावं लागत नाही. तेव्हा संशोधन करणाऱ्या मुलामुलींनो, शब्दकोश मिटा आणि आधी चार आज्यांशी बोला.

लिन अंडरवूड नावाच्या बाईंनी या विषयावर मूळचं काम केलं आहे. त्यांनी तर ट्रॅपिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मठातल्या साधूंच्या मुलाखती घेतल्या, मौन आणि कष्ट यांत आयुष्य घालवणाऱ्या माणसांच्या. त्यांच्या मते अशा प्रेमात काही गोष्टी असाव्याच लागतात : ते आपणहून दिलेलं असावं, समोरच्याची परिस्थिती खरी समजलेली असावी, तो माणूस म्हणून आपल्याला मोलाचा वाटावा, मन त्याच्याकडे उघडं असावं आणि आतून काही हलावं. यातली पहिली अट मला फार महत्त्वाची वाटते. आपणहून. आमच्या पिढीतल्या बायकांनी सगळ्यांचं केलं. त्यात आपणहून किती आणि ‘नाही कसं म्हणायचं’ म्हणून किती, याचा हिशोब आमचा आम्हालाच लागलेला नाही. प्रश्नावलीत एक वाक्य आहे, की समोरच्याला त्रास होण्यापेक्षा मला झालेला परवडला. आमच्यातल्या झाडून सगळ्या बायकांनी इथे सात दिले. सगळ्या वर्गाला शंभरपैकी शंभर मिळाले तर वर्ग हुशार म्हणायचा की पेपर सोपा? मी शिक्षिका म्हणून सांगते, असा पेपर परत काढावा लागतो.

आता मोजणीतली मुख्य भानगड. ती समजायला लासलगावला चला. कांद्याची ट्रॉली आधी भरलेली काट्यावर चढते, माल खाली झाला की रिकामी ट्रॉली परत काट्यावर येते. रिकामीचं वजन वजा करतात, मग कांदा किती ते कळतं. किराणा दुकानदार तेलाच्या बरणीचा आधी धडा करतो, तसंच. माणसाच्या उत्तराचंही असंच असतं. काकूंच्या सातात माया किती आणि ‘लोक काय म्हणतील’ ही ट्रॉली किती? अण्णांच्या दोनात प्रेम कमी नव्हतं, उलटाच प्रकार होता. ‘मी आता बिनकामाचा’ या समजुतीनं काटा खाली यायच्या आधीच त्यांनी माल उतरवून ठेवला होता. मोजणाऱ्यांना दोन गोष्टी पाहाव्या लागतात. काटा खरा आहे का, म्हणजे आज ठेवलेलं उद्या ठेवलं तर तेवढंच भरतं का. आणि काट्यावर कांदाच आहे ना. पहिली गोष्ट संगणक सांगतो. दुसरी सांगायला माणसांत जाऊन बसावं लागतं.

माणसाला लक्षणांनी पारखायची रीत नाशिककरांना नवीन नाही. समर्थ रामदासांनी बारा वर्षं तपश्चर्या केली ती आपल्या टाकळीला, आणि त्यांच्या दासबोधात लक्षणांच्या याद्याच याद्या आहेत. मूर्खाची लक्षणं, उत्तम पुरुषाची लक्षणं, पढतमूर्खाची लक्षणं. माझे वडील मूर्खलक्षणांचा समास वाचताना दर चार ओळींनी शेजारच्या वाड्याकडे बघत. मूर्खलक्षणांत शेजारी दिसतो आणि उत्तम लक्षणांत आपण. छापील फॉर्मचा सगळा घोळ यातच आला. समर्थांनी आकडे मागितले नाहीत, हे त्यांचं शहाणपण.

तरीही आकडे मागावेत असं मला वाटतं, कारण त्यांतून कधीकधी आपल्या ठाम समजुतीला धक्का बसतो. अमेरिकेतल्या सॅन डिएगोला पन्नास ते नव्व्याण्णव वर्षांच्या १,००६ माणसांना अशाच तऱ्हेची प्रश्नावली दिली होती. तो अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. त्या कामात डॉ. दिलीप जेस्ते होते. आपल्या पुण्यात डॉक्टर झाले, पुढे अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. (भगवद्गीतेतलं शहाणपण आणि आजच्या मानसशास्त्रातलं शहाणपण यांची तुलना करणारा निबंधही त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर लिहिला आहे. मराठी माणूस कुठेही गेला तरी गीता बरोबर नेतो.) तर त्या अभ्यासात काय दिसलं? वय किती, शिक्षण किती, पैसा किती, जोडीदार आहे की नाही, तब्येत धड आहे की नाही, यातल्या कशाशीही कनवाळूपणाचा ठळक संबंध लागला नाही. संबंध लागला तो तीन गोष्टींशी. बायकांचे गुण जास्त होते. यावर आमच्या संघातल्या पुरुषमंडळींनी हरकत नोंदवली आहे. पडूनही परत उभं राहण्याचा चिवटपणा ज्यांच्यात जास्त, त्यांचे गुण जास्त होते. आणि आयुष्यात ज्यांनी मोठे प्रसंग जास्त सोसले, त्यांचेही.

सोसल्यामुळेच माणूस मऊ होतो असं यातून सिद्ध होत नाही. एकदाच विचारलेल्या प्रश्नांतून कारण आणि परिणाम वेगळे काढता येत नाहीत, आणि सोसून कडू झालेली माणसंही आपण पाहिली आहेत. पण एक गोष्ट मला घरोघर सांगावीशी वाटते. ‘तब्येत नाही, आता त्यांचं काय उरलंय’ असं आपण ज्यांच्याबद्दल म्हणतो, त्यांच्यातली ही गोष्ट गुडघ्यांबरोबर झिजते असा काही पुरावा त्या हजार माणसांत मिळाला नाही.

याच्या पुढचा अभ्यास वाचला तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले होते. अमेरिकेतच, अल्झायमरचा आजार असलेली ५८ माणसं आणि त्यांची काळजी घेणारे त्यांचे नवरे किंवा बायका, अशा जोडप्यांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. विशेष हे की प्रश्न दोघांनाही विचारले. काळजी घेणाऱ्याला विचारलंच, पण ज्याला विस्मरण झालंय त्यालाही विचारलं, की जोडीदाराबद्दल तुम्हाला काय वाटतं, त्याच्यासाठी तुमचा जीव तुटतो का. आणि त्या विसरत चाललेल्या माणसांची उत्तरं निरर्थक निघाली नाहीत. ज्या आजाऱ्यांनी आपल्याला अशी माया वाटते असं सांगितलं, त्यांच्या जोडीदारांना सेवेचं ओझं कमी जाणवत होतं आणि त्या कामात काही चांगलंही दिसत होतं. म्हणजे पलंगावरचं माणूस फक्त घेत नव्हतं. नमुना लहान आहे, मान्य. पण त्यांना विचारायचं सुचलं, हीच मला मोठी गोष्ट वाटते.

कारण मला ते सुचलं नव्हतं. माझ्या सासूबाई शेवटची चार वर्षं माझं नाव विसरल्या होत्या. त्याआधी चोवीस वर्षं मी त्यांच्या घरात सून होते. जुन्या नाशकातला आमचा वाडा, खालच्या खोलीत एकच टेबल फॅन. मी रात्री पेपर तपासायला बसले की त्या उठायच्या आणि तो फॅन ढकलत, वायर ताणत माझ्याकडे आणायच्या. सहावीचे पेपर घरभर उडायचे. मी चिडायचे, फॅन परत त्यांच्या कॉटजवळ नेऊन ठेवायचे. दहा मिनिटांनी परत तेच. "मास्तरीणबाई, घाम येतोय ना," म्हणायच्या. नाव गेलं होतं; मी कोण, कुणाची, हे गेलं होतं. मला उकडतंय हे मात्र दिसत होतं. त्या दिवसांत कुणी फॉर्म घेऊन आलं असतं, तर उत्तर माझ्याकडे मागितलं असतं आणि मी ‘त्यांना आता काही कळत नाही’ असं सांगून एक आकडा टेकवून दिला असता.

म्हणून मुलांना, सुनांना, जावयांना माझी विनंती आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कुणी काही विचारायला आलं, डॉक्टर असो, पाहणीवाली असो, की बँकेतला माणूस, तर ‘मी सांगतो’ म्हणून पुढे होऊ नका. ऐकू कमी येत असेल तर प्रश्न मोठ्यानं परत म्हणा आणि गप्प बसा. शक्य असेल तर खोलीबाहेर जा. तुम्ही समोर असताना सासूबाई ‘सून किती करते’ हेच सांगणार, आणि तुम्ही नसताना कदाचित तेच सांगतील, पण मग ते खरं असेल.

आणि आपण सगळ्या ज्येष्ठांनो, आपलंही जरा चुकतं. घेण्याची आपल्याला लाज वाटते आणि देण्याचा आपण हिशोब ठेवत नाही. विचारलं की एक तर ‘आमचं काय आता’ म्हणून खाली वाकतो, नाहीतर काकूंसारखं सगळीकडे सात. दोन्ही भिडेपोटी. समोर बसलेली पोर परीक्षक नाही. तिला तुमच्या मोठेपणाशी देणंघेणं नाही. एखाद्या माणसाबद्दल तुम्हाला काहीच वाटत नसेल तर एक सांगा, जगबुडी होणार नाही. अनोळखी माणसाबद्दल जवळच्याइतका जीव तुटत नाही, हे तर तुमच्या-माझ्यासारखंच जगभर दिसलेलं आहे. प्रश्नावली बनवणाऱ्या बाईंनाही तेच आढळलं.

आपल्या देशात म्हाताऱ्यांची मोजणी होत नाही असं नाही. २०११ च्या जनगणनेत साठीपुढचे लोक दहा कोटींच्या वर होते, त्यांतले एक कोटीहून जास्त महाराष्ट्रात. २०१७-१८ मध्ये मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांहून अधिक भारतीयांची मोठी पाहणी केली. आजार, खर्च, एकटेपणा, चालण्याचा वेग, सगळं विचारलं आणि तपासलं. मुठीची पकड किती किलोची, हेसुद्धा यंत्रानं मोजलं. फार मोलाचं काम आहे ते. त्या मुठीनं रोज कुणाचं कोपर धरलंय, हे विचारायला मात्र वेगळी पट्टी लागते आणि ती अजून आपल्या मराठीत, आपल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी बसवून घ्यायची आहे. नाशकात आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, मुक्त विद्यापीठ आहे, पंचवटीपासून सिडकोपर्यंत गल्लोगल्ली ज्येष्ठांचे संघ आहेत. माणसंही आहेत आणि वेळही आहे. आणखी काय हवं?

आणि हे काम गंगापूर रोडवरच संपवू नका. पेठ, सुरगाण्याकडच्या पाड्यांवर हंगामात जाऊन बघा. घरातली कामाची माणसं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांवर मजुरीला उतरलेली असतात आणि मागे आजी-आजोबा नातवंडं, शेळ्या आणि घर धरून असतात. तिथल्या आजीला ‘मानवजातीबद्दल तुम्हाला काय वाटतं’ असं विचारून पाहा. ती तुम्हाला पाणी देईल आणि कामाला लागेल. तेच तिचं उत्तर, पण ते तुमच्या फॉर्ममध्ये कुठल्या चौकटीत लिहिणार, हा विचार निघण्यापूर्वी करा.

आम्ही आमच्या शेडमध्ये त्या पोरीबरोबर काही गोष्टी करून पाहिल्या. एक ते सात आकडे काहींना धरताच येईनात. मग मी कागदावर गोदावरीच्या घाटाच्या सात पायऱ्या काढल्या. पाण्याला लागून असलेली पहिली, रस्त्याला लागलेली सातवी. ‘कुठल्या पायरीवर उभे आहात?’ म्हटल्यावर बोटं भराभर टेकू लागली. ज्यांना तेही जड गेलं त्यांच्यासाठी हो किंवा नाही एवढंच ठेवलं. वृद्धांमधली उदासी ओळखण्याची जी प्रश्नावली जगभर चालते, तीही मुद्दाम हो-नाहीचीच आहे. थकलेल्या माणसाला बारीकसारीक पायऱ्यांवर उभं करू नये, हा त्यातला विचार. आम्ही प्रश्न मोठ्यानं वाचले, एकेकट्याला वाचून दाखवले, आणि चष्मा, कवळी, कानातलं मशीन जागेवर आहे ना ते आधी पाहिलं. यातलं शेवटचं कुठल्या पुस्तकात नसेल, पण अर्धी चुकीची उत्तरं तिथून येतात.

मग तिचे छापील प्रश्न संपल्यावर मी अण्णांना माझ्या पद्धतीनं विचारलं. वाक्यं बदलली की ती मूळची मोजपट्टी राहत नाही, याची मला कल्पना आहे. भाषांतर करून, ते उलट मूळ भाषेत आणून, थोड्या लोकांवर आधी तपासून मगच ती वापरायची असते. म्हणून तिचे आकडे तिच्या कागदावर तसेच ठेवले. मी फक्त एवढं विचारलं, की अण्णा, गेल्या आठ दिवसांत कुणासाठी जीव तुटला? अण्णा चाळीस मिनिटं बोलले. शेजाऱ्यांच्या डोळ्यांबद्दल, पहिल्यांदा हात धरला तेव्हा त्यांनी तो कसा झिडकारला होता त्याबद्दल, आणि हल्ली ट्रॅकवर नवीन बाक आलाय, तो कसा आहे हे त्यांना सांगताना शब्द सापडत नव्हते त्याबद्दल. शेवटी मी म्हटलं, आता कितवी पायरी? बराच विचार करून म्हणाले, "चौथी धरा."

सात नाही म्हणाले. म्हणून तर मला ती चौथी खरी वाटते.

एका गोष्टीला मात्र आधीच खुंटी मारून ठेवते. असे आकडे घरी भिंतीवर लावायचे नसतात. सासूचे एकोणतीस आणि सुनेचे बत्तीस, अशी तुलना सुरू झाली तर त्यापेक्षा फॉर्म न भरलेले बरे. एकूण समाजाचं, एखाद्या गटाचं काही कळावं यासाठी ही मोजणी असते. एका माणसाला प्रमाणपत्र द्यायला नव्हे. आणि ‘आमच्या आईला नातवंडांची फार माया’ म्हणून वर्षभर तिच्याच गळ्यात पोरं टाकायची, हाही मायेचा गैरवापरच. आपणहून ही अट विसरू नका. कुठे म्हाताऱ्या माणसाला जेवायला मिळत नसेल, मारहाण होत असेल, घर लिहून घेऊन बाहेर काढलं असेल, तर तिथे प्रश्नावली घेऊन जायचं नाही. तिथे १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा फोन क्रमांक लावायचा, सकाळी आठ ते रात्री आठ कुणीतरी उचलतं. २००७ च्या कायद्यानं आईवडिलांना मुलांकडून निर्वाह मागता येतो आणि त्यासाठी प्रांत अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो; काही अटींवर दिलेलं घर परतही मिळवता येतं.

हे लिहिताना मला आपले तात्यासाहेब शिरवाडकर आठवत होते. त्यांचं ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आलं १९७० साली, आणि तेव्हापासून पोटच्या पोरांच्या वागण्याचं माप म्हणून आपण ते नाटक वापरतो. भांडण झालं की त्यातल्या म्हाताऱ्या आप्पासाहेब बेलवलकरांचं नाव निघतं. पण त्या नाटकात शेवटी म्हाताऱ्याला हात देतो तो बूटपॉलिश करणारा राजा, कुणाचा कुणी नसलेला पोरगा. अनोळखी माणसाबद्दलच्या त्या वाक्यांना सात देणारा तो. आणि आप्पासाहेबांनाही त्याच्याबद्दल काही वाटत असणारच की! ते विचारावंसं मला इतक्या वर्षांत वाटलं नाही.

१ ऑक्टोबरला जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन असतो. बहुतेक संघांत त्या दिवशी शाल, श्रीफळ, नगरसेवकांचं भाषण आणि पंचाहत्तरी झालेल्यांचा सत्कार होतो. ते करा. पण त्यानंतर तासभर खुर्च्या गोल मांडा, कॉलेजातली चार मुलं बोलवा, एकेका ज्येष्ठासमोर एकेकाला बसवा आणि तीन प्रश्न विचारायला सांगा. हल्ली कुणासाठी जीव तुटला? मग तुम्ही काय केलंत, किंवा करता आलं नाही तर काय वाटलं? आणि तुमच्यासाठी कुणी काही केलं, ते घेताना कसं वाटलं? मुलांनी उत्तर लिहून घ्यायचं, सुधारायचं नाही, मध्ये ‘वा आजोबा’ म्हणायचं नाही. ज्याला बोलायचं नसेल त्याला सोडून द्यायचं. पायऱ्यांचा कागद हवा असेल तर आमच्या शेडमधून घेऊन जा, मी वीसेक झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत.

चहा मात्र उत्तरं झाल्यावर. आधी दिला की माणसं चहाला जागतात.